दादाच्या टाचा

३ एप्रिल

प्रिय भिंगरी,

माझं अक्षर पाकिटावर बघून तुला आधी खरं वाटणार नाही. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितोय ते अंगाला काय लावावं हे विचारायला. राग आला तर पत्र फाड, पण फाडण्याआधी शेवटपर्यंत वाच. तू उत्तर पाठवशील की नाही हे मला माहीत नाही, पण पाठवलंस तर फार बरं होईल.

यंदा उन्हाळा लवकरच तापलाय. आमचं काम तुला ठाऊक आहे, रस्त्यावर पांढरे पट्टे मारायचे. दोरी ताणायची, रेघ आखायची आणि यंत्र ढकलत चालायचं. रंग कढत असतो, खाली डांबर आणि वर सूर्य. साहेबांनी आता पहाटे चार ते दहा अशी पाळी लावलीय, त्यामुळे निदान डोकं तरी शाबूत राहतं.

तर प्रश्न असा. माझ्या पाठीवर पुरळ उठलंय. माकडहाडाजवळ एक जागा लाल झाली आहे, बोटाने दाबली तरी लालच राहते. टाचाही मागच्या बाजूने लाल आहेत. ओठ सुकतात. कातडी पातळ कागदासारखी लागते. उन्हाळ्यात कातडीला काय लावावं आणि पोटात काय घ्यावं, घरगुती आणि साधं, ते लिहून पाठव. तुझ्या पार्लरमध्ये लोक लांबून येतात असं ऐकतो. दोन खुर्च्यांच्या तीन झाल्या म्हणे. ऐकून बरं वाटलं, खरंच.

फोन करू नकोस. घर दोन खोल्यांचं, इथे कुजबुजलं तरी तिथे ऐकू जातं. पत्रच बरं.

तुझी वहिनी बरी आहे.

तुझा दादा


८ एप्रिल

दादा,

पत्र फाडलं नाही. दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले आणि दुसऱ्यांदा रडले, आणि तेवढ्यात एक बाई भुवया कोरायला आल्या म्हणून आवरतं घेतलं.

सहा वर्षांत तुला बहीण आठवली नाही आणि टाचा लाल झाल्यावर बरोबर आठवली. धन्य तुझ्या टाचा. पंचावन्नाव्या वर्षी नटायचं मनात आलंय का? आणि माकडहाड कसं रे लाल झालं? तू तर जन्मभर उभ्याने काम करणारा. बढती मिळाली का, खुर्चीत बसून दुसऱ्यांना रेघा दाखवतोस का?

आता नीट ऐक. तुझी कातडी मी ओळखते. तीस वर्षं उन्हात भाजलेली, गेंड्याने मान खाली घालावी अशी. तिला नाजूक उपाय म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून जालीमच सांगते. जाड साखर, लिंबाचा रस आणि चमचाभर तेल कालव. आठवड्यातून तीनदा पाठ आणि टाचा त्याने चांगल्या घासायच्या, म्हणजे मेलेली कातडी निघते. मग गार पाण्याने धुवायचं आणि दही लावून थोडा वेळ बसायचं. लिंबू लावल्यावर धुतल्याशिवाय उन्हात जायचं नाही, डाग पडतात. मानेवर ओलं फडकं टाकत जा.

पण लावण्याने निम्मंच काम होतं. पोटात जातं तेच अंगावर दिसतं. तुझा चहा सहा कपांवरून दोनवर आण. तळलेलं आणि खारवलेलं उन्हाळाभर बाजूला ठेव. काकडी, कलिंगड, संत्री, टोमॅटो, जे हाती लागेल ते खा, आणि तहान लागायची वाट न बघता पाणी पी. हे सगळं तुला जमणार नाही हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

वहिनी बरी आहे हे वाचलं. बरं झालं.

भिंगरी


१७ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. गेंड्याचं वाचून आमच्या टोळीतले सगळे हसले.

तू लिहिलंस तसंच केलं. पट्टा मारण्याआधी आम्ही डांबर तारेच्या ब्रशने घासून घेतो, नाहीतर रंग धरत नाही. तीच अक्कल वापरली आणि साखर लावून व्यवस्थित घासलं, घाई केली नाही. तीनदा झालं. टाचा अजून तशाच आहेत. पण माकडहाडाजवळची कातडी निघून आली. बाटलीच्या झाकणाएवढी जागा उघडी पडलीय, ओलसर दिसते. आता त्याच्यावर काय लावायचं? दही चालेल का?

आणखी एक विचारायचं होतं. दाढ दुखते म्हणून चावता येत नाही. पाणी पितानाही ठसका लागतो. अशा वेळी मऊ काय खावं, ज्याने अंगात थोडी ताकद येईल आणि कातडीही भरून निघेल?

चहा दोन कपांवर आणलाय. हे मात्र खरं आहे.

तुझा दादा


२० एप्रिल, तातडीच्या टपालाने

दादा,

त्या जागेवर काहीही लावू नकोस. दही नको, तेल नको, पावडर नको, साखर तर आधी घराबाहेर टाक. आजच्या आज दवाखान्यात जा आणि नर्सला घरी घेऊन ये. उद्या नाही, आज. हे पार्लरचं काम नाही, माझ्या आवाक्यातलं नाही.

आणि आता खरं सांग. उभ्याने काम करणाऱ्याला ही जखम होत नाही. अंथरुणावर पडून असणाऱ्याला होते. दाढ दुखणाऱ्याला पाण्याचा ठसका लागत नाही. पत्र वाचताच मी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तू उचललास आणि सख्ख्या बहिणीला राँग नंबर म्हणून ठेवून दिलास. पण ठेवायच्या आधी मागे कुणीतरी कण्हताना मला ऐकू आलं.

वहिनी आहे ना?

भिंगरी


२२ एप्रिल

भिंगरी,

हो. वहिनीच आहे.

नर्स आली होती. आधी ते सांगतो. तिने जखम धुतली, पट्टी बांधली, हवेची गादी मिळवून दिली आणि मला ओट्याजवळ उभं करून अर्धा तास झापलं. वेळेवर बोलावलंत म्हणाली, आणखी आठवडा गेला असता तर हाडापर्यंत गेलं असतं. आता दिवसाआड येणार आहे.

फेब्रुवारीत भांडी घासता घासता ती खाली बसली ती उठलीच नाही. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलते, पण शब्द तोंडात घोळून येतात. मी पहाटे कामावर जातो तेव्हा शेजारच्या शिंपीणबाई त्यांचं शिवण घेऊन तिच्यापाशी बसतात. दहानंतर मी. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं मीच करतो. मला वाटायचं चांगलं करतोय.

तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी मी तुझं नाव काढलं, तर तिने मान फिरवली. मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, "तिला मी तोंडं पुसणारी म्हटलं. आता तिने माझं अंग पुसायला यावं? त्यापेक्षा मी अशीच बरी." म्हणून मी माझी पाठ, माझ्या टाचा केल्या. रेघ सरळ मारणारा माणूस मी, खोटं बोलायला गेलो आणि वाकडं झालं.

एवढंच लिहायचं राहिलं. मी घासत होतो तेव्हा ती ओरडली नाही. उशीचं टोक मुठीत धरलं होतं. मी विचारलं, लागतंय का, तर मान हलवून नाही म्हणाली. तीनही वेळा. मला ते आठवलं की हातातली दोरी धरता येत नाही.

दादा


२७ एप्रिल

दादा,

तुझं पत्र घेऊन मी मागच्या खोलीत दार लावून बसले. तीन बायका खोळंबल्या होत्या. खोळंबू दे म्हटलं.

पहिल्यांदा तुझा इतका राग आला की काय सांगू. मग माझाच आला. लाल जागा दाबली तरी लालच राहते हे तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. रोज वीस चेहरे बघणारी मी, तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं. पण मला तुझी चेष्टा करायची होती. इतक्या वर्षांनी मिळाला होतास. साखर तू लावलीस, पण पाठवली मी. तेव्हा एकट्याने छाती बडवू नकोस, निम्मी माझ्याकडे दे.

आता जे सांगते ते नर्सला दाखव आणि ती हो म्हणाली तरच कर. दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचांखाली काही टेकायला नको, पोटऱ्यांखाली उशी घाल म्हणजे टाचा अधांतरी राहतील. चादरीला एक सुरकुती ठेवायची नाही. कोमट पाण्याने, मऊ सुती कापडाने टिपायचं. घासायचं नाही, टिपायचं. लाल जागेला चोळायचं नाही. काखेत, मांड्यांमध्ये घाम साठतो तिथे कोरडं ठेव. जिथे कातडी धड आहे तिथेच तेलाचं बोट फिरव, आणि तेही थोडं. ओठांना साधं साय-लोणीसुद्धा चालतं.

जखम भरायची तर अंग भरायला हवं. अंडं मऊ उकडून कुस्कर, डाळ घोटून दे, दही दे. संत्र्याचा रस आणि कलिंगड दे, पण पातळ पदार्थाने ठसका लागतो म्हणून किती दाट करायचं ते नर्सलाच विचार. भरवताना बसतं कर. घाई करू नकोस.

हे सगळं मला कुणी शिकवलं ते तुला ठाऊक नाही, कारण तू तेव्हा दिवसभर रस्त्यावर असायचास. पंधराव्या वर्षी माझा चेहरा मुरमांनी भरला होता. आई जाऊन चार वर्षं झाली होती. मी शाळेत जायचं बंद केलं, आरशावर फडकं टाकलं. वहिनी रोज संध्याकाळी मला मांडीवर डोकं ठेवायला लावायची आणि काकडीच्या चकत्या चेहऱ्यावर मांडायची. फोडू नकोस, हात लावू नकोस, आपोआप जाईल, एवढंच म्हणायची. तळलेलं माझं बंद केलं तर स्वतःचंही बंद केलं. तीन महिने तिने माझ्याबरोबर फिकं खाल्लं, तिला तर एक मुरूम नव्हतं. साखर, लिंबू, दही, सगळं तिच्या फडताळातलं आहे. माझ्या पार्लरमध्ये माझं असं काय आहे, खुर्च्या तेवढ्या.

म्हणून तर लागलं. परक्या कुणी तोंडं पुसणारी म्हटलं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण जिच्याकडून शिकले तीच पाहुण्यांसमोर तसं बोलली. मी पिशवी उचलली आणि निघाले. आता वाटतं, थोडं थांबायला हवं होतं.

मी येऊ का? तिला विचार. तुझ्या मनाने उत्तर देऊ नकोस. तिच्या तोंडून होकार आला तर येईन. तिला नको असताना तिचं अंग बघायला मी येणार नाही.

भिंगरी


६ मे

भिंगरी,

जखम निम्म्याने कमी झाली आहे. नर्स म्हणाली, कडा गुलाबी झाल्यात, चांगलं चिन्ह आहे. मी टिपतो, घासत नाही. अंडं खाते, कलिंगड आवडीने खाते. टाचांचा लालपणा गेला.

तुला कळवल्याचं मी तिला सांगितलं. शपथ मोडली म्हणून ती चिडेल वाटलं होतं, पण चिडली नाही. तुझं पत्र वाचून दाखवलं, काकडीपर्यंत. पुढचं मलाच वाचवेना. मग विचारलं, भिंगरी येऊ का म्हणते. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "नको." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा नकोच.

तू तिच्या तोंडून होकार मागितला होतास, म्हणून जे झालं ते लिहितो. मला वाटतं तिच्या मनातली अढी जात नाही. तिच्यापुढे मी काय बोलणार. तू वाईट वाटून घेऊ नकोस, पत्रं मात्र थांबवू नकोस. मी थकलोय गं. रात्री दर दोन तासांनी उठायचं आणि चारला कामावर. काल पट्टा मारताना उभ्या उभ्या डुलकी लागली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा माझी रेघ वाकडी गेली.

दादा


१५ मे

भिंगरी,

डाव्या हाताने लिहिते. अक्षर बघू नकोस. चार दिवस लागले. दादाला माहीत नाही. शिंपीणबाईंनी कागद धरला, टपालात त्याच टाकतील.

दादाला काही कळत नाही. त्याला वाटतं मी रुसले. मला लाज वाटते. माझ्या अंगाला वास येतो. तू मला नीटनेटकी पाहिलंस. तशीच मी तुझ्या डोळ्यांत राहावं, एवढंच.

तुझं काम मला हलकं वाटलं नव्हतं. तू पार्लरसाठी घर सोडून जाणार होतीस. लागेल असं बोलले तर थांबशील वाटलं. मला बोलायचं शहाणपण कधीच नव्हतं. तू गेलीस. मग मला ये म्हणता आलं नाही.

एक सांगते, दादाला सांगू नकोस. पहिल्यांदा त्याने साखर लावली तेव्हा लिंबाचा वास आला. मला लगेच कळलं. हे त्याचं डोकं नाही. याने भिंगरीला लिहिलंय आणि भिंगरीने उत्तर दिलंय. फार झोंबलं. पण ओरडले असते तर त्याने लिहिणं बंद केलं असतं. म्हणून गप्प राहिले.

तो रात्री बसल्या बसल्या झोपतो. परवा पडला. मला उचलता आलं नाही.

तोंडाने नको म्हणाले. हाताने लिहिते. ये.

वहिनी


१९ मे, तुझ्याच घरातून

दादा,

हे पत्र टेबलावर ठेवते आहे. तू कामावरून येशील तेव्हा मी आत असेन, आणि तुला समोर बघून मला काही बोलता येणार नाही, म्हणून लिहून मोकळी होते.

वहिनीचं पत्र काल दुपारी मिळालं. त्यात काय आहे ते विचारू नकोस, ते आमच्या दोघींचं आहे. रात्रीची बस धरली. पार्लरला कुलूप लावलं आणि दारावर कागद चिकटवला, घरी गेले आहे. कधी येणार ते लिहिलं नाही, मलाच माहीत नव्हतं.

बसमध्ये रात्रभर वाक्यं जुळवत होते. आधी माफी कुणी मागायची, मी की तिने, त्यावर दोन गावं गेली. शिंपीणबाईंनी दार उघडलं. वहिनी उशीला टेकून बसली होती. केस पातळ झालेत तिचे, दादा, आणि चेहरा एका बाजूला उतरलाय. तू हे लिहिलं नव्हतंस. मी उंबऱ्यातच उभी राहिले. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

तिने डावा हात पुढे केला. मी जाऊन बसले तर माझ्या गालावरून बोटं फिरवली, मग कपाळावरून, मग हनुवटीखालून, पूर्वी बघायची तशी. बराच वेळ शब्द जुळवत होती. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलणार. म्हणाली, "पाणी कमी पितेस."

मग आम्ही दोघी रडलो. शिंपीणबाईही रडल्या, त्यांचं कारण काय ते त्यांनाच ठाऊक. रडून झाल्यावर वहिनीने तांब्याकडे बोट दाखवलं आणि मला दोन पेले पाणी प्यायला लावलं. शेवटचा घोट गेला की नाही तेही बघितलं.

मग मी पाणी कोमट केलं. तिने एकदा पांघरूण घट्ट धरलं, मी थांबले, मग तिनेच सोडलं. अंग टिपलं, केस विंचरले, ओठांना लोणी लावलं. जखम आता वाटाण्याएवढी आहे. तू छान सांभाळलंस, हे मी पार्लरवाली म्हणून सांगते, बहीण म्हणून नाही. फक्त कानांच्या मागे पुसायचं विसरतोस, असं तिचं म्हणणं आहे.

ती आत्ता डाव्या कुशीवर झोपलीय. ताटाखाली तुझं जेवण झाकून ठेवलंय. हातपाय धू, जेव आणि बाहेरच्या खोलीत आडवा हो. आत येऊन बघत बसू नकोस. दोन तासांनी तिला मी वळवीन. त्यानंतरही मीच वळवीन. तू झोप.

भिंगरी